शयनगृहाची आवराआवर

शयनगृहाची आवराआवर म्हणजे झोपण्याच्या खोलीतील अनावश्यक वस्तू वेगळ्या काढणे आणि उरलेल्या प्रत्येक वस्तूस ठरावीक जागा देणे होय. केर काढणे, जळमटे झाडणे ही स्वच्छतेची कामे आहेत. आवराआवरीत खोलीत काय राहावे, हा निर्णय मुख्य असतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत झोपण्यासाठी स्वतंत्र खोली बहुधा नसे. माजघरात किंवा ओसरीवर रात्री अंथरुणे घातली जात व सकाळी ती गुंडाळून त्यांची चवड रचली जाई. कपड्यांसाठी खुंटी, दांडी व ट्रंक, लहान जिनसांसाठी कोनाडा व फडताळ, तर क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी माळा अशी विभागणी असे. मुंबईच्या चाळींतील एका खोलीच्या संसारातही अंथरूण रोज उचलावे लागे. त्यामुळे खोली रोज मोकळी होत असे. सदनिकांमध्ये कायमचा पलंग आला, त्याच्या पोटात साठवणीचा कप्पा आला आणि कपाटे छताला भिडली. अशी खोली आपोआप मोकळी होत नाही, ती जाणीवपूर्वक मोकळी करावी लागते.

पद्धती

जपानी लेखिका मारी कोंडो यांच्या ‘कोनमारी’ पद्धतीत खोलीनुसार नव्हे, तर प्रकारानुसार आवरले जाते. कपडे, पुस्तके, कागदपत्रे, किरकोळ वस्तू आणि शेवटी आठवणींच्या वस्तू असा तिचा क्रम आहे. सोपे निर्णय आधी घेतल्याने अवघड निर्णयांसाठी सराव होतो, हे या क्रमामागील तत्त्व आहे. आपल्या पश्चात आप्तांवर ओझे पडू नये म्हणून हयातीतच वस्तू कमी करण्याची स्वीडनमधील रीत मार्गारेटा माग्नुसन यांच्या २०१७ मधील पुस्तकामुळे इतरत्र परिचित झाली.

सामान्यतः वस्तूंचे चार ढीग केले जातात : ठेवण्याच्या, दुरुस्तीच्या, देण्याच्या व टाकण्याच्या. दुरुस्तीच्या ढिगास मुदत न घातल्यास तो पुन्हा अडगळ होतो. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, जड वस्तू तळाशी, तर हलक्या व हंगामी वस्तू वरच्या फळीवर ठेवणे सोयीचे असते.

आरोग्य व सुरक्षितता

दाटीवाटीने भरलेल्या खोलीत ढेकणांना लपण्यास जागा मिळते व धूळ साचते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात भिंतीस चिकटलेल्या कपाटामागे बुरशी धरते. म्हणून मागे थोडी फट ठेवतात. परंतु उंच कपाट लहान मुले ओढून अंगावर पाडू शकतात, त्यामुळे ते भिंतीस पट्टीने जखडणे आवश्यक असते. नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे वा दुपटी तान्ह्या बाळासाठी वापरू नयेत. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्यामुळे नष्ट होऊ शकतात. वृद्धांसाठी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट मोकळी, प्रकाशित आणि सैल सतरंज्या व वायरी यांपासून मुक्त असावी. रात्री पडण्याचा धोका त्यामुळे घटतो.

संमतीचा प्रश्न

एकाची अडगळ ही दुसऱ्याची ठेव असू शकते. विशेषतः वृद्धांच्या वस्तू त्यांच्या अनुपस्थितीत काढल्यास त्यांचा घरातील माणसांवरचा विश्वास ढळतो. वस्तू टाकण्याच्या कल्पनेनेच तीव्र अस्वस्थता येणे आणि साठ्यामुळे खोली वापरण्याजोगी न राहणे, ही संचय विकाराची लक्षणे असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये या विकारास स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. अशा वेळी बळाने खोली रिकामी करणे अपायकारक ठरू शकते. मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घेणे इष्ट असते.

वस्तूंचे पुढे काय

मराठी घरांत जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या शिवल्या जात. वापरण्याजोगे कपडे बोहारणीकडे जात व बदल्यात भांडी येत. रद्दी व मोडके सामान रद्दीवाला आणि भंगारवाला नेत असे. वापरलेले कपडे गरजूंपर्यंत पोहोचवण्याचे काम १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘गूंज’ ही संस्था करते. देण्याचे कपडे धुतलेले व धडके असावेत, असा संकेत आहे. बाहेर जाणाऱ्या वस्तूची वाट आधी ठरलेली असल्यास ती पलंगाखाली परतत नाही.