अंगण आपलं, हिरवळ साहेबाची



आपल्या शिंदखेडा तालुक्यात आता नवीन घरापुढे लॉन, म्हणजे हिरवळ, लावायची हौस आली आहे. आमच्या गटातल्या एका ताईंनीही लावली. मे महिन्यात नळाचं पाणी लांबलं आणि प्यायच्या पाण्याचा हंडा डोक्यावर आणणाऱ्या ताईंनाच गवताचीही तहान भागवावी लागली. तेव्हा आम्ही विचारलं, ही हिरवळ आली कुठून?

ती आली इंग्लंडातून. तिथे बाराही महिने पाऊस शिंपडतो. मोठे जमीनदार वाड्यापुढे गवत राखत. मजूर ते कापत, नाहीतर मेंढ्या चरत. एवढी जमीन आम्ही पिकाविना ठेवू शकतो, हे दाखवायची ती रीत. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापायचं यंत्र काढलं आणि हिरवळ साध्या घरांपर्यंत पोचू लागली. इकडे १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. साहेबाच्या बंगल्यापुढे बाग आली, पण तिला पाणी घालायला पगारी माळी होता.

आपल्या आजीच्या अंगणाला माळी नव्हता. तुळस, कढीपत्ता, लिंबू, शेवगा ही झाडं न्हाणीच्या पाण्यावर वाढायची. कुंपणाला रुई, दारात कडुनिंब. त्यात घरचं भागायचं आणि जिवांचंही. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानांवर एक फुलपाखरू अंडी घालतं, रुईवर दुसरं. तुळशीच्या मंजिरीवर मधमाशी येते, निंबोळीला बुलबुल. सतत कापलेल्या लॉनवर ना फूल, ना बी. मग पाखरू कशाला येईल?

आपल्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने गावचं जंगल राखलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथल्या बाया वनभाज्यांच्या स्पर्धेत रानातल्या भाज्या रांधून मांडतात. आपलं झाड राखलं तर पाखरालाही मिळतं आणि ताटातही येतं.

ताईंच्या घरचे म्हणाले, "दार उघडंबोडकं दिसेल." तरी मृगाच्या तोंडावर त्यांनी अर्धी हिरवळ काढून लिंबू, कढीपत्ता आणि शेवगा लावला. पहिली दोन वर्षं रोपांना उन्हाळ्यात पाणी लागेलच. पण ते भांडी धुतलेलं, साबण कमी असलेलं चालतं. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून ती कुंपणालाच बरी. आणि पानावर अळी दिसली की लगेच औषध मारू नका. चार पानं तिची. तिचंच उद्या फुलपाखरू होणार आहे.