लालारुखची भाषा

टॉमस मूर या आयरिश कवीने 1817 साली 'लाला रुख' नावाचे एक दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. औरंगजेबाची एक कल्पित शहजादी लग्नासाठी दिल्लीहून काश्मीरला निघते आणि वाटेत एक शायर तिला कहाण्या ऐकवतो, अशी त्याची गोष्ट आहे. मूरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. पण त्याचे काव्य इंग्लंडात घरोघरी वाचले गेले. लालारुख म्हणजे लालाच्या फुलासारखा चेहरा असलेली. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे नाव परके नाही. वर्गाच्या हजेरीपटावर ते आले तर मान वर करून बघायचेही कारण पडणार नाही.

मात्र हेच नाव मला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटाच्या इतिहासात भेटले तेव्हा मी थबकले. 8 मे 1876 रोजी होबार्ट शहरात एक वृद्ध स्त्री मरण पावली. शहरातले गोरे लोक तिला लाला रुख म्हणत. तिचे खरे नाव त्रुगानिनी. ज्या माणसाने तिला हे नाव दिले तो जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन मूळचा लंडनचा, घरे बांधण्याचा व्यवसाय करणारा. सरकारने त्याच्यावर मूळ रहिवाशांना समजावून आणण्याचे काम सोपवले होते. 1830 ते 1834 या काळात त्याने त्यांना गोळा केले आणि ते फ्लिंडर्स बेटावरच्या वायबालेना या वसाहतीत नेले गेले. तिथे त्याने त्यांची नावे बदलली. दिल्ली न पाहिलेल्या कवीची दिल्लीची शहजादी अशी दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर पोहोचली, आणि ज्या स्त्रीच्या अंगावर ते नाव चढवले गेले तिच्या भाषेत तिचे दुःख काय शब्दांत मांडले जात असे, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

या लेखाचा विषय तीच भाषा आहे. खरे तर 'भाषा' नव्हे, 'भाषा' अनेकवचनी. क्लेअर बोवर्न या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने 2012 साली उपलब्ध शब्दांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की, टास्मानियात किमान बारा भाषा असाव्यात आणि त्या पाच गटांत पडतात. 1803 साली इंग्रजांनी तिथे पहिली वसाहत केली. पुढच्या तीस वर्षांत खून, अपहरण आणि रोगराई यांनी हजारोंचे शेकडे झाले. 1830 साली तर सुमारे 2,200 शिपाई, वसाहतवाले आणि कैदी यांची साखळी करून माणसांचे हाकारे घातले गेले. वायबालेनात आणलेल्यांपैकी 1847 साली फक्त 47 जण उरले होते. त्यांना होबार्टजवळच्या ऑयस्टर कोव्ह येथे हलवले. बारा भाषांचे लोक एका आवारात कोंडले गेले तर ते आपापसात काय बोलणार? जी काही मिश्र बोली त्यांच्यात झाली असेल तीही त्यांच्याबरोबर संपत गेली.

आता या भाषांचे उरले काय? याद्या. 1792-93 मध्ये आलेल्या फ्रेंच मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ लाबिलार्दिएर, 1802 च्या मोहिमेतील पेराँ, पुढे रॉबिन्सनची रोजनिशी, डॉक्टर जोसेफ मिलिगन यांचा शब्दसंग्रह. ज्याने त्याने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. फ्रेंच माणसाने फ्रेंच पद्धतीने, इंग्रजाने इंग्रजी पद्धतीने. ब्रायन प्लॉम्ले यांनी 1976 मध्ये या सगळ्या याद्या एकत्र करून छापल्या.

यादी कशी तयार होते हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको. पाहुणा नाकावर बोट ठेवतो, यजमान नाकाचा शब्द सांगतो. दगड दाखवतो, पाणी दाखवतो, कांगारू दाखवतो. दुःखावर बोट कसे ठेवणार? पुढे ओळख वाढल्यावर मिलिगनसारख्यांनी राग, भीती यांचेही शब्द विचारून लिहून घेतले. पण मिलिगन कोण होते? ते त्या कोंडलेल्या लोकांवर नेमलेले सरकारी अधीक्षक होते. ज्याच्या हातात आपले पीठमीठ आहे त्याच्याजवळ माणूस मनातले किती बोलतो?

याच मिलिगन यांनी एक शेरा मारून ठेवला आणि तो युरोपच्या विद्वानांनी पुढे पन्नास-साठ वर्षे उगाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, या लोकांजवळ प्रत्येक जातीच्या झाडाला नाव आहे, पण 'झाड' या सामान्य कल्पनेला नाही. कठीण, गोल असे गुण सांगायला शब्द नाहीत. कठीण म्हणायचे असेल तर ते 'दगडासारखे' म्हणतात. यावरून निष्कर्ष काढायला पुस्तकी पंडितांना वेळ लागला नाही. ज्यांना कठीण-मऊ म्हणता येत नाही त्यांना प्रेम, करुणा, पश्चात्ताप कुठून म्हणता येणार?

हे वाचताना मला हसू आले आणि रागही आला. समजा, असाच एक साहेब आपल्या गावात आला आणि शरीराच्या भागांची यादी करू लागला. 'काळीज' हा शब्द त्याने लिहून घेतला आणि समोर 'यकृत' असा अर्थ टाकला. 'पोट' लिहिले, 'गोळा' लिहिला. त्याची यादी अचूक आहे. पण 'काळीज तुटते', 'पोटात गोळा येतो' ही वाक्ये त्याने कधी ऐकलीच नाहीत. मग आणखी शंभर वर्षांनी मराठी बोलणारा कोणी उरला नाही आणि फक्त ती यादी उरली, तर मराठी माणसाला भीती आणि माया ठाऊक नव्हती असे सहज सिद्ध करता येईल. उर्दूतल्या 'जिगर'चीही तीच गत होईल; गालिबचा अर्धा दिवाण कसायाच्या दुकानात जमा होईल. आणि 'दगडासारखा' म्हणून कठीणपणा सांगणारे आपण नाही काय?

दुसरीही एक अडचण आहे, आणि ती मला अधिक मोठी वाटते. मराठीत आपण 'मी रागावले' म्हणतो, तसेच 'मला राग आला' असेही म्हणतो. राग कुठूनतरी येतो, माणसाकडे येतो आणि जातो. उर्दूतही ग़ुस्सा येतो. भीती मात्र आपल्याला 'वाटते', आणि उर्दूत डर 'लागतो'. आमच्या घरी दखनी बोलली जाते. वर्गात पहिलीचे मूल पडले तर ते पुस्तकातल्या उर्दूत रडत नाही, 'मेरेकू लगा' असे दखनीतच रडते. म्हणजे भावना नुसत्या नामात नसते. ती 'मला', 'मेरेकू' अशा छोट्या जोडांत, क्रियापदाच्या निवडीत असते. राग माणूस करतो, की त्याच्याकडे येतो, की त्याच्या पोटात राहतो, हे यादीवरून कळत नाही. टास्मानियाच्या भाषांचे शब्द मिळाले, व्याकरण जवळजवळ गेले.

भावना लिहिली गेली ती इंग्रजीत. वायबालेनाच्या शाळेत मुलांना इंग्रजी आणि बायबल शिकवले जाई. 1836-37 मध्ये तिथे हाताने लिहिलेले एक साप्ताहिक निघे. टॉमस ब्रून आणि वॉल्टर जॉर्ज आर्थर ही दोन तरुण मुले ते लिहीत आणि रॉबिन्सनची त्यावर देखरेख असे. बरीच पाने उपदेशाची आहेत. पण एका ठिकाणी ब्रून लिहून जातो की, माणसे मरत आहेत, आपल्याला इथून सोडवा अशी विनवणी आपले लोक राजाकडे का करत नाहीत. देखरेखीखाली, परक्या भाषेत, शाळकरी अक्षरात हे वाक्य निसटले आहे. हेच आर्थर आणि त्यांचे साथी यांनी 1846 मध्ये राणी व्हिक्टोरियाकडे अर्ज केला; तोही इंग्रजीतच.

त्रुगानिनीचेही तसेच. 1869 मध्ये विल्यम लॅनी हा तिचा बांधव वारला तेव्हा शास्त्राच्या नावाखाली त्याच्या प्रेताची विटंबना झाली. आपलेही तसेच होईल या भीतीने ती पुढची सात वर्षे जगली. आपली राख समुद्राच्या खाडीत टाकावी अशी तिची इच्छा होती. तिची ही भीती आपल्याला कळते ती इंग्रजी लिहिणाऱ्यांकडून. आणि ती भीती खरी ठरली. दफनानंतर दोन वर्षांनी तिचे अवशेष उकरून काढले गेले आणि 1904 पासून 1947 पर्यंत तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला होता. तिच्या इच्छेप्रमाणे रक्षाविसर्जन झाले ते 1976 साली, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

त्रुगानिनीला 'शेवटची टास्मानियन' म्हणून जगभरच्या पुस्तकांनी शोक केला. हा शोक सोयीचा होता, कारण वंश संपला की जमिनीचा हक्क मागणारा कोणी उरत नाही. प्रत्यक्षात बास सामुद्रधुनीच्या बेटांवर आणि मुख्य भूमीवर त्यांची मुले-नातवंडे नांदत होती. त्यांच्यापैकी फॅनी कॉक्रेन स्मिथ यांचा जन्म 1834 साली वायबालेनात झाला. अकरा मुलांची ही आई. 1899 आणि 1903 मध्ये त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर आपली गाणी आणि बोल ध्वनिमुद्रित केले. टास्मानियाच्या मूळ भाषांचा जगात उरलेला आवाज एवढाच. एका छायाचित्रात त्या ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यापुढे बसलेल्या दिसतात. यादीत नसलेली गोष्ट या नळकांड्यांत आहे: उच्चार, स्वर, श्वास कुठे घेतला ते. त्यांनी वसंताचे गाणे गायले. गाणारी बाई आनंदी आहे की उदास, हे समजायला शब्दकोश लागत नाही.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला टास्मानियन अ‍ॅबोरिजिनल सेंटर या संस्थेने भाषा पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले. एकेका शब्दाच्या फ्रेंच, इंग्रजी अशा वेगवेगळ्या नोंदी शेजारी ठेवून मूळ उच्चार काय असेल याचा अंदाज बांधायचा, कुटुंबांत टिकून राहिलेले शब्द आणि फॅनीबाईंचा आवाज यांच्याशी तो ताडून पाहायचा. कोणतीही एक भाषा संपूर्ण मिळणे शक्य नव्हते, म्हणून सगळ्यांतून मिळून एक भाषा उभी राहिली. तिचे नाव पलवा कानी. पलवा म्हणजे टास्मानियाचे मूळ लोक, कानी म्हणजे बोलणे. व्यक्तींची नावे सोडली तर तिच्यात रोमन लिपीतील मोठी अक्षरे वापरत नाहीत. आपल्या देवनागरीला किंवा उर्दू लिपीला ही लहान-मोठ्या अक्षरांची उतरंड मुळातच नाही, त्यामुळे हा निर्णय मला फार आवडला.

या भाषेत मन कसे बोलते? 'नायरी' म्हणजे चांगले, 'निना' म्हणजे तू, 'तू' हा प्रत्यय आपल्या 'ला'सारखा. 'नायरी निना-तू', म्हणजे तुला चांगले. हेच त्यांचे 'आभार'. मला यात शुक्रियापेक्षा दुआ जास्त ऐकू येते. 'मिलायथिना' म्हणजे भूमी, आणि तिला 'माना' जोडले की आपली भूमी. जमिनीच्या हक्काच्या लढ्यात आणि परत आलेल्या पूर्वजांच्या अस्थींच्या निरोपाच्या वेळी ही भाषा उभी राहून बोलली गेली. विलायतेच्या संग्रहालयांतून हाडे परत येत होती, आणि ज्यांची ती हाडे होती त्यांना इंग्रजीत निरोप देणे लोकांना जड जात होते. मूल आधी वस्तूंची नावे शिकते आणि मग रुसायला शिकते. या भाषेला मात्र तेवढी सवड नव्हती. जन्मल्याबरोबर तिला मातम करावा लागला.

2018 मध्ये आलेल्या 'द नाइटिंगेल' या चित्रपटात ही भाषा प्रथमच मोठ्या पडद्यावर ऐकू आली. बिली नावाच्या मूळनिवासी तरुणाची भूमिका करणारा बायकाली गानंबर हा नट उत्तर ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्या लोकांपैकी आहे. त्याची स्वतःची भाषा जिवंत आहे. त्याने पलवा कानी शिकून तिच्यात संताप आणि दुःख बोलून दाखवले. व्हेनिसच्या महोत्सवात नवोदित नटाचे पारितोषिक त्याला मिळाले.

सगळे सुरळीत आहे असे नाही. अनेक भाषांतून एक भाषा करणे म्हणजे आमच्या प्रांताची बोली पुसणे, असे टास्मानियातलेच काही मूळनिवासी गट म्हणतात. ही भाषा आधी आमच्या मुलांच्या तोंडी बसू द्या, मग इतरांनी परवानगी घेऊन वापरावी, अशी संस्थेची भूमिका आहे. 2012 मध्ये विकिपीडियावरचा लेख काढून टाकण्याची मागणीही तिने केली होती, ती मान्य झाली नाही. भाषा ही कुणाची मालमत्ता नसते असे आपण एरवी म्हणतो. पण ज्यांच्या शब्दांबरोबर कवट्याही पेटीत घालून नेल्या गेल्या, त्यांनी दाराला कडी लावली तर मी तरी त्यांना दोष देणार नाही.

दरम्यान काही शब्द दाराबाहेर आले आहेत. होबार्टमागच्या डोंगराला 2013 पासून सरकारदरबारी कुनान्यी हेही नाव आहे. 1804 साली जिथे मूळ रहिवाशांवर गोळीबार झाला, त्या रिझडन कोव्हची जमीन 1995 मध्ये त्यांच्या वंशजांना परत मिळाली. ती जागा आता पियुरा कितिना.

आणि एक शब्द आहे 'तुनाप्री'. जाणणे, आठवणे, समजणे हे तिन्ही अर्थ त्याच्यात आहेत. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द 'जाण' हाच. उपकाराची जाण ठेवतो, तीच जाण. होबार्टच्या ज्या संग्रहालयात त्रुगानिनीचा सांगाडा त्रेचाळीस वर्षे उभा होता, त्या संग्रहालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये टास्मानियाच्या मूळनिवासींची जाहीर माफी मागितली. तिथे त्यांच्या इतिहासाचे एक दालन आहे. त्याचे नाव 'निंगिना तुनाप्री', जाण देणे.