घराचें दार आणि गुत्त्याचें दार

सन १९३० च्या एप्रिल महिन्यांत नऊ दिवसांच्या अंतरानें दोन गोष्टी घडल्या. ता. १ रोजीं बालविवाह-प्रतिबंधक कायदा, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला सारडा कायदा, अंमलांत आला. ता. १० रोजीं गांधीजींनीं 'यंग इंडिया' पत्रांतून स्त्रियांना दारूच्या व परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करण्याची हांक दिली. पहिली गोष्ट घराच्या दारांतली, दुसरी गुत्त्याच्या. वऱ्हाडांत हीं दोन्ही दारें कोणीं ठोठावलीं, तें आज पाहूं.

सारडा कायद्याला बळ देणाऱ्या संमतिवय समितीचे अध्यक्ष अमरावतीचे वकील होते. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारांत गृहखातें सांभाळलेले सर मोरोपंत जोशी हे ते गृहस्थ. १९२८ साली नेमलेल्या या समितीनें देशभर फिरून सुमारें ४०० साक्षी घेतल्या. रामेश्वरी नेहरू तिच्या सभासद होत्या. संमतीचें वय १८९१ साली १२ आणि १९२५ साली विवाहितेपुरतें १३ झालेलें होतें. पण बंद दाराआडचा गुन्हा फिर्यादीपर्यंत पोंचणार कसा? म्हणून विवाहाचेंच वय बांधून घ्यावें, असें समितीनें १९२९ च्या अहवालांत सांगितलें. त्याच वर्षीं मुलीचें वय १४ व मुलाचें १८ ठरलें.

ज्या प्रश्नावर मोरोपंतांनीं देशभर साक्षी घेतल्या, त्याची एक साक्षीदार त्यांच्या घरांतच होती. यशोदाबाई जोशी यांचा जन्म १८६८ चा आणि विवाह बालपणींचा. पतीच्या नांवामागें उभें राहून मानपान घ्यावा, एवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. अमरावतींत त्यांनीं वनिता समाज स्थापिला. त्यांच्या निधनानंतर, १९६५ साली, 'आमचा जीवनप्रवास' हें त्यांचें आत्मकथन प्रसिद्ध झालें. सभेंत पुरुषानें ठराव मांडला कीं त्याला टाळ्या मिळतात. तोच ठराव घरांत आचरतांना बोलणीं मात्र बाईला खावीं लागतात. म्हणूनच असें आत्मकथन अहवालाच्या शेजारीं ठेवून वाचावें. अधिकार पतीचा होता. अनुभव आणि शब्द यशोदाबाईंचे होते.

आतां अकोल्याकडे वळूं. १९३० साली दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून वऱ्हाडानें कायदेभंग केला. या चळवळींत पुढें आलेल्या स्त्रियांपैकीं दुर्गाताई जोशी १९३७ साली प्रांतिक विधानसभेंत गेल्या. गुत्त्यापुढील निरोधनाचें काम गांधीजींनीं मुद्दाम स्त्रियांवर सोपविलें, यांत मोठा अर्थ होता. जिनांत आणि प्रेसांत कमावलेली मजुरी घरीं पोंचण्याआधीं गुत्त्यांत गेली, तर चूल थंड पडे. ती मजुरी मागण्याचा हक्क बायकोच्या हातीं नव्हता. कायद्यानें न दिलेला हक्क ती रस्त्यावर उभी राहून मागत होती.

तरीपण या चळवळीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. दुकान बंद झालें म्हणून पिणाऱ्याची ओढ बंद होत नाहीं. शिवाय पिणारा तो पुरुष व रडणारी ती स्त्री, हें चित्र इतकें ठाम होतें कीं स्त्रीलाहि व्यसन जडूं शकतें, हा विचारच कोणास शिवला नाहीं.

तो विचार उघड बोलून दाखविण्याचें धैर्य पुढें अमेरिकेंत एका राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीनें केलें. बेटी फोर्ड यांनीं पतीच्या कारकीर्दींत, १९७४ ते १९७७ या काळांत, स्त्रियांच्या समान हक्कांचा निर्भीड पुरस्कार केला. आणि १९७८ साली आपण दारू व औषधी गोळ्या यांच्या आहारीं गेलों, असें जगाला सांगून उपचार घेतले. १९८२ साली त्यांच्या नांवाचें उपचारकेंद्र निघालें. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं पुण्यांत 'मुक्तांगण' सुरू केलें. व्यसन हा आजार आहे, या समजुतीवर तें उभें आहे.

सारडा कायद्यानें घराचें दार किलकिलें झालें आणि निरोधनानें गुत्त्याच्या दाराला आडवें झालें. दवाखान्याचें दार त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं उघडलें. परंतु आपल्या घरांतील एखादी स्त्री त्या दारापर्यंत जाऊं इच्छील, तेव्हां लोक काय म्हणतील या भीतीनें आपण तिची वाट अडवूं काय? या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत मिळणार नाहीं. तें ज्याचें त्यानें आपल्या घरांत द्यावयाचें आहे.