गांजा, साक्षांकन नमुना आणि विश्वासाचा प्रश्न

मोहर्ली आपल्याला परिचित असते ती ताडोबाचे प्रवेशद्वार म्हणून. ती ज्या भद्रावती तालुक्यात येते, त्याच तालुक्यात दारूगोळा बनवणारी आयुध निर्माणीही आहे. तेथे किंवा अन्य केंद्रीय सेवेत शिरू पाहणाऱ्याला साक्षांकन नमुना भरावा लागतो. शासन माणसावर कशाच्या आधारे विश्वास ठेवते, हे या नमुन्यातील प्रश्नांवरून कळते. म्हणून त्याचे वाचन आम्हांला अगत्याचे वाटते.

चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता, तेव्हा गांजा सरकारी परवान्याने विकला जाई. त्याच्या परिणामांच्या चौकशीसाठी 1893 साली आयोग नेमला गेला. हजारांहून अधिक साक्षी घेऊन आणि वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासून त्याने 1894 मध्ये निष्कर्ष काढला : माफक सेवनाने सामान्यतः शारीरिक, मानसिक वा नैतिक हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक. आयोगाचा प्रश्न सेवनाविषयीचा होता.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा गुन्ह्यात ढकलला. त्याच झाडाच्या पानांची भांग मात्र व्याख्येबाहेर राहिली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत मादक पदार्थांविषयी जो नियम आहे, तो त्या त्या प्रदेशातील कायदा पाळण्यास सांगतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती. म्हणजे एकच पेला कर्मचाऱ्याला कोठे दोषी ठरवील, हे जिल्ह्याच्या सीमेवर अवलंबून!

साक्षांकन नमुना तर सेवनाविषयी थेट विचारतच नाही. अटक झाली होती का, खटला भरला गेला का, शिक्षा झाली का, एवढेच तो विचारतो. माहिती दडवणे हेही अपात्रतेचे कारण ठरू शकते. मात्र दडवलेली बाब क्षुल्लक असल्यास नियोक्त्याला ती क्षम्य मानता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात म्हटले. अमेरिकेत सुरक्षा-परवान्याचा अर्ज प्रत्यक्ष सेवनच विचारतो. तेथील 2021 च्या मार्गदर्शनानुसार पूर्वीचे सेवन विचारात घेतले जाते, पण तेवढ्यावरून निर्णय ठरत नाही.

आपल्याकडील पद्धत वरकरणी सौम्य भासते. तथापि तिच्यात नोंद होते ती वर्तनाची नव्हे, पकडले जाण्याची. चिलमीसह रस्त्यावर सापडलेल्या तरुणाचा कागद मळतो. बंद दाराआड ओढणाऱ्याचा कोराच राहतो. शासन ज्याला चारित्र्य म्हणते, ते अनेकदा केवळ आडोसा असतो.