नोंद बदलण्याचे शास्त्र : प्रस्तावना

१ ऑक्टोबर २०२१ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतले कामगार नेहमीच्याच फाटकातून कामावर गेले, पण कागदोपत्री त्यांची संस्था बदलली होती. आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. कामगार नव्या कंपनीत प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले गेले. आता कल्पना करा, एखाद्या संगणक प्रणालीत ‘संस्था’ नावाचा एकच रकाना आहे. जुने नाव पुसून नवे लिहिले, तर १९९५ सालची बढतीही त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या कंपनीने दिलेली दिसेल. जुने तसेच ठेवले, तर आजचे कागद चुकतील. शिवाय तो रकाना पगाराचा विभाग वाचतो, निवृत्तिवेतनाचा विभाग वाचतो, वसाहतीतल्या घरवाटपाची यादीही कदाचित त्यावरच उभी असेल. बदल कोण करणार, कोणाला विचारून आणि कधी?

अनेकांनी मिळून वापरलेल्या डेटाबेसमध्ये, सगळ्यांना कळेल आणि पुढे तपासता येईल अशा रीतीने बदल कसे करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. जवाहरनगर, ठाणा, भंडारा या भागातून नागपूर-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जाणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. टेबल, रकाना आणि साधी एसक्यूएल येत असेल तर तेवढी तयारी पुरेशी आहे.

रिलेशनल डेटाबेसची मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सामायिक माहितीसाठ्याचा उल्लेख होता. एका टेबलावर अनेकांचे हात पडणार हे सुरुवातीपासून गृहीत होते. तरीही बदलांची शिस्त उशिरा आली. कोडसाठी २००५ पासून गिट आहे, त्यात मागची आवृत्ती परत काढता येते. डेटाबेसचा स्वभाव वेगळा. रकाना काढून टाकला की त्यातली माहितीही जाते आणि जुना कोड परत आणल्याने ती परत येत नाही. मार्टिन फाउलर आणि प्रमोद सदलगे यांनी २००३ मध्ये डेटाबेसही टप्प्याटप्प्याने घडवता येतो असे मांडले. २००६ मध्ये स्कॉट अँब्लर आणि सदलगे यांनी त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी असे बदल क्रमाने लागू करणारे लिक्विबेस हे साधन आले, २०१० मध्ये फ्लायवे.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना या साधनांची पद्धत अनोळखी वाटणार नाही. वारसाची किंवा खरेदीची नोंद कोणी थेट सातबाऱ्यावर खोडून लिहीत नाही. आधी ती गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकासह येते. चावडीवर प्रत लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ती तक्रारीच्या वेगळ्या नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो, आणि तिथेही जुन्या नावाला कंस पडून शेजारी फेरफार क्रमांक राहतो. तसेच फ्लायवेमध्ये प्रत्येक बदलाची क्रमांक असलेली फाईल असते, तिला मायग्रेशन म्हणतात. कोणती फाईल कधी लागू झाली याची नोंद डेटाबेसमध्येच एका टेबलात राहते. लागू झालेली फाईल मागाहून कोणी बदलली तर चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, जुळत नाही आणि काम अडते. लिक्विबेस बदल करणाऱ्याचे नावही मागते, आणि दोघांनी एकाच वेळी बदल चालवू नयेत म्हणून कुलूप घालते. हरकतीची जागा रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्यांनी बदल आधी तपासणे, घेतो. माझ्या मते साधनाइतकेच महत्त्व या हरकतीला आहे. ज्या टीममध्ये नवशिक्यालाही ‘हे चालवू नका’ म्हणता येते, तिथला डेटा सुरक्षित असतो.

सगळ्यात जास्त पाने मी चालू प्रणालीतल्या बदलाला दिली आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अशा वेळी जिल्ह्याचा रकाना एका रात्रीत बदलायचा नसतो. आधी नवा रकाना जोडायचा, जुना तसाच ठेवायचा. मग प्रत्येक नवी नोंद दोन्हीकडे लिहायची आणि जुन्या नोंदी थोड्याथोड्या करून भरून घ्यायच्या. वाचणारे विभाग एकेक करून नव्या रकान्याकडे वळवायचे. जुन्याकडे कोणी पाहत नाही याची खात्री झाली की मगच तो काढायचा. यात आठवडे जातात, पण काम कुठेही थांबत नाही.

रोलबॅकवर, म्हणजे लागू झालेला बदल उलटवण्यावर, फार विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगतो. बदल लागू झाल्यावर लोक त्यावर नव्या नोंदी करू लागतात. उलटी फाईल चालवली तर त्या नोंदींचे काय? चूक सुधारायची ती पुढच्या क्रमांकाची नवी फाईल लिहून. सातबाऱ्यावरचा लेखनप्रमादही महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतो, तोही नवा फेरफार घालून.

सुरुवातीला पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. त्यात टेबलाच्या रचनेतले बहुतेक बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतात आणि मध्येच चूक झाली तर अर्धवट काही उरत नाही. मायएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक बदल तिथल्या तिथे पक्का होतो. पहिल्या प्रकरणात आपल्या तालुक्यातल्या गावांचे टेबल करायचे आहे. जोडीला एक मित्र किंवा मैत्रीण घ्या, कारण दुसऱ्या प्रकरणात तुम्ही दोघे एकाच वेळी ते बदलणार आहात.