तत्काळच्या तिकिटामागचा सर्व्हर: आयटॅनियम बंद पडलं, मेनफ्रेम मात्र टिकलं, असं का?

सकाळचे १० वाजून ५९ मिनिटं झालेली असतात. पुण्यातल्या एखाद्या पीजीमध्ये गोंदियाची चार पोरं आपापला मोबाईल हातात धरून बसलेली असतात. महाराष्ट्र एक्स्प्रेस, स्लीपर, उद्याची तारीख, सगळं भरून तयार. ११ वाजतात, चौघं एकदम बटण दाबतात आणि पुढच्या दोन मिनिटांत ठरतं की यंदाची दिवाळी गोंदियात होणार की पीजीतच.

गोंदियाच्या माणसाला रेल्वेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हावडा-मुंबई मार्गावरचं हे जंक्शन. मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस इथपर्यंत येते आणि कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेसही इथेच येऊन थांबते. ही दुसरी गाडी तर राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १,३०० किलोमीटरहून जास्त धावते. एवढं अंतर बसने कापायचं म्हणजे काय, हे ज्याने कापलंय त्यालाच विचारा.

तर विषय असा आहे, की त्या चौघांनी बटण दाबल्यावर ती मागणी नेमकी जाते कुठे?

मोबाईलवरून ती आयआरसीटीसीकडे जाते आणि तिथून रेल्वेच्या पॅसेंजर रिझर्व्हेशन सिस्टिमकडे, म्हणजे पीआरएसकडे. गोंदिया स्टेशनच्या खिडकीवर रांगेत उभं राहून काढलेलं तिकीटही शेवटी तिथूनच येतं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारने या पीआरएसबद्दल एक माहिती दिली. सध्याची यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली आहे आणि ती आयटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते.

वाचायला रटाळ वाटतं. पण आयटॅनियम ही चिप बनवणाऱ्या इंटेलने तिची शेवटची खेप २९ जुलै २०२१ ला पाठवली आणि विषय संपवला. म्हणजे देशातलं सगळ्यात गर्दीचं तिकीट काउंटर ज्या सर्व्हरवर उभं होतं, त्याची नवी चिप जगात कुठेच बनत नव्हती.

हे झालं कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधी खरोखरची वही होती

१९८५ च्या आधी आरक्षण म्हणजे वही. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची पानं. ज्या क्लार्ककडे त्या गाडीची वही, त्याच्याच खिडकीवर रांग लावायची. त्याने बर्थसमोर नाव लिहिलं की बर्थ गेला. परतीचं आरक्षण हवं असेल तर तिकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट बघावी लागायची.

ही पद्धत कमालीची हळू होती, पण तिच्यात एक गुण होता. वही एकच आणि लिहिणारा हात एकच. त्यामुळे एकच बर्थ दोघांना जायची भीती कमी.

१९८५ च्या अखेरीस दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीने बनवलेली इम्प्रेस नावाची संगणकीय आरक्षण व्यवस्था सुरू झाली. ही सीएमसी म्हणजे तीच, जिने १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेल्यावर त्यांच्या मशीनची देखभाल अंगावर घेतली होती. १९८६ मध्ये रेल्वेने स्वतःची संगणक संस्था काढली, क्रिस. मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथेही केंद्रं झाली. पण प्रत्येक केंद्राची वही वेगळी होती. क्रिसने कॉन्सर्ट नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. ३ ऑगस्ट २००२ ला इंटरनेटवरून तिकीट सुरू झालं.

आता वही कॉम्प्युटरच्या आत गेली, पण प्रश्न तोच राहिला. एका सेकंदाला शेकडो लोक एकाच पानावर लिहायला बघतायत. एस-५ मधला २३ नंबरचा बर्थ पुण्यातल्या पोराने मागितला, त्याच क्षणी अकोल्याच्या खिडकीवरूनही मागणी आली. मशीनने तेवढ्या पानाला कुलूप लावायचं, एकाचं नाव लिहायचं, पैसे आले का बघायचं, कुलूप काढायचं, मग दुसऱ्याला पुढचा बर्थ द्यायचा. मधेच लाईट गेली तर अर्धवट नाव लिहिलेलं राहता कामा नये. एक तर पूर्ण, नाही तर काहीच नाही.

तुमच्या-आमच्या लॅपटॉपचा आणि या मोठ्या मशीनचा खरा फरक इथे आहे. ही मशीन वेगवान असतातच, पण त्यांना पैसे मिळतात ते हिशोब न चुकवण्याचे आणि बंद न पडण्याचे.

मेनफ्रेम, सर्व्हर, नॉनस्टॉप

या धंद्यातलं सगळ्यात जुनं घराणं म्हणजे मेनफ्रेम. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० जाहीर केलं आणि एक वेगळंच वचन दिलं. मशीन लहान घ्या की मोठं, आज घ्या की नंतर, प्रोग्रॅम तोच चालेल. ते वचन कंपनीने आजतागायत पाळलंय. आजच्या मेनफ्रेममध्ये जादाचे प्रोसेसर आधीच बसवलेले असतात. एक बिघडला की दुसरा काम उचलतो, वापरणाऱ्याला कळतही नाही. आयबीएमच्या या मशीनच्या नावातलं झेड म्हणजे झिरो डाउनटाइम. नव्या झेड-१७ बद्दल कंपनी ९९.९९९९९९ टक्के उपलब्धतेचा दावा करते. हिशोब केला तर वर्षाला एक सेकंदसुद्धा बंद नाही. दावा कंपनीचा आहे, तेवढं मीठ लावूनच घ्यायचा.

रेल्वेने मात्र मेनफ्रेम घेतलं नाही. तिने डीईसी कंपनीचं व्हॅक्स घेतलं. हे मेनफ्रेमपेक्षा लहान आणि स्वस्त, पण भरवशाचं मशीन होतं. त्याच्यासोबत आली व्हीएमएस ऑपरेटिंग सिस्टिम, जिचं पुढे ओपनव्हीएमएस झालं.

आपल्याकडचं आणखी एक उदाहरण मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर सापडतं. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने आरडाओरड्याची रिंग सोडून बोल्ट ही स्क्रीनवरची व्यवस्था आणली, तेव्हा त्यामागे टँडम कंपनीची मशीन होती. या मशीनच्या घराण्याचं नावच नॉनस्टॉप. आत प्रत्येक गोष्टीची जोडी, एक पडलं तर दुसरं उभं.

पुढे टँडम आणि डीईसी या दोन्ही कंपन्या कॉम्पॅकने विकत घेतल्या. कॉम्पॅकला २००२ मध्ये एचपीने घेतलं. म्हणजे शेअर बाजाराचं घराणं आणि रेल्वेचं घराणं एकाच घरात नांदायला आलं. आणि एचपीने ठरवलं की सगळ्यांना एकाच चिपवर आणायचं. ती चिप म्हणजे आयटॅनियम.

आयटॅनियमचं काय चुकलं?

इंटेल आणि एचपीने १९९४ मध्ये मिळून हे काम जाहीर केलं होतं. कल्पना हुशार होती. साधी चिप कामं करता करता ठरवते की कोणतं आधी घ्यायचं, कोणतं एकत्र उरकायचं. आयटॅनियममध्ये हे सगळं आधीच, प्रोग्रॅम तयार करतानाच ठरवून ठेवायचं होतं. लग्नाच्या स्वयंपाकात आचाऱ्याने आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवावं की कुठल्या चुलीवर कधी काय चढेल, तसं. आता सकाळी दूध उशिरा आलं तर त्या कागदाचं काय करायचं? कॉम्प्युटरच्या आत असं दूध सतत उशिरा येतं. मेमरीतून माहिती कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे कागदावरचा वेग प्रत्यक्षात दिसलाच नाही.

त्यात चिप बाजारात यायलाच २००१ उजाडलं. नेहमीच्या पीसीचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर रखडत चालायचे. २००३ मध्ये एएमडीने साधी वाट काढली. लोकांकडे आहे तीच एक्स-८६ चिप त्यांनी ६४ बिटची केली, जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालू ठेवले. वर्षभरात इंटेललाही तीच वाट धरावी लागली. टवाळखोरांनी आयटॅनियमचं नाव टायटॅनिकवरून 'आयटॅनिक' ठेवलं होतं, ते चिकटलंच. २०११ मध्ये ओरॅकलने या चिपसाठी नवं सॉफ्टवेअर लिहिणार नाही म्हणून सांगितलं. एचपी कोर्टात गेली आणि २०१६ मध्ये ज्युरीने ३ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. पण कोर्ट जिंकून गिऱ्हाईक परत येत नसतं.

रेल्वेने २०१० मध्ये ही मशीन घेतली तेव्हा तिच्यापुढे फार पर्याय नव्हते. ओपनव्हीएमएस हवं असेल तर नवं मशीन आयटॅनियमचंच घ्यावं लागायचं. ही चूक कुणा बाबूची होती असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. सॉफ्टवेअर बदलायचं नाही म्हटलं की हार्डवेअर कुठलं घ्यायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

पुढे एचपीईने (एचपीपासून वेगळी झालेली सर्व्हर कंपनी) नॉनस्टॉप घराणं स्वतःच एक्स-८६ वर नेलं. ओपनव्हीएमएसचे हक्क व्हीएमएस सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने घेतले आणि २०२२ मध्ये तीही एक्स-८६ वर आली. एचपीईची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम एचपी-यूएक्स, जी फक्त अशाच मशीनवर चालते, तिच्या सपोर्टची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२५.

मग मेनफ्रेम का नाही मेलं?

मरणार असं तर सगळेच म्हणत होते. स्टुअर्ट ऑलसॉप या अमेरिकन पत्रकाराने १९९१ मध्ये थेट तारीखच दिली होती. शेवटचं मेनफ्रेम १५ मार्च १९९६ ला बंद होईल. नंतर त्याला आपले शब्द मागे घ्यावे लागले.

घराण्यातले बाकीचे गळाले, हे खरं. हिताचीने २०१७ मध्ये मेनफ्रेमचं हार्डवेअर बनवणं थांबवलं. फुजित्सूने २०३० मध्ये विक्री आणि २०३५ मध्ये सपोर्ट बंद करायचं जाहीर केलंय. उरली मुख्यतः आयबीएम. पण तिचं झेड-१७ जून २०२५ मध्ये बाजारात आलं आणि त्या तिमाहीत मेनफ्रेमची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ७० टक्क्यांनी वाढली. नवं मॉडेल आलं की विक्री उसळते, मग उतरते, हे दर वेळचं आहे. तरी साठी ओलांडलेल्या मशीनसाठी हा आकडा लहान नाही.

टिकण्याचं कारण भीती. जगभरच्या मोठ्या बँकांचे हिशोब कोबोल भाषेत लिहिलेल्या दशकांपूर्वीच्या प्रोग्रॅमवर चालतात. लिहिणारे रिटायर झालेत. (टीसीएसला १९७४ मध्ये मिळालेल्या पहिल्या परदेशी कामांपैकी एक असंच होतं, एका मशीनवरचं कोबोल दुसऱ्या मशीनवर चालेल असं करून देणं.) ते सगळं नव्याने लिहायला गेलं आणि फसलं तर काय होतं, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दाखवलं. ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली आणि १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. पुढे बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड बसला.

आयटॅनियमवाल्यांना मात्र हा पर्यायच नव्हता. तिथे जुनं तसंच ठेवायचं म्हटलं तरी नवं मशीन मिळणार नव्हतं.

रेल्वेचं पुढे काय?

२२ मे २०२५ ला सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा तेव्हाचा विक्रम. जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं की क्रिसकडून नवी पीआरएस तयार होतेय, डिसेंबरपर्यंत ती मिनिटाला दीड लाखाहून जास्त तिकिटं काढू शकेल आणि चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांवर जाईल. संसदेतल्या उत्तरात मात्र आकडे वेगळे होते. सध्या २५ हजार, पुढे १ लाखाहून जास्त. सर्व्हर, सॉफ्टवेअर, नेटवर्क, सुरक्षा, सगळंच बदलायचं आणि ते क्लाउडला चालेल असं करायचं, असं ठरलं.

क्लाउडची रीत वेगळी. एका भक्कम मशीनऐवजी पुष्कळ साधी मशीन लावायची, गर्दी झाली की आणखी जोडायची. गाड्यांचं वेळापत्रक बघायला, पीएनआर तपासायला हे उत्तम, कारण तिथे फक्त वाचायचं असतं. ४० लाखांचा आकडा म्हणूनच शक्य वाटतो. बर्थ देताना मात्र शेवटी एकाच पानावर लिहायचंय. तिथे खरी परीक्षा. आणि तीही चालत्या गाडीचं इंजिन बदलण्यासारखी, कारण तिकीट विक्री महिनाभर बंद ठेवता येत नाही.

राहिली त्या चार पोरांची गोष्ट. नव्या सर्व्हरने त्यांचं पान अडकून राहायचं थांबेल, पैसे कापले पण तिकीट नाही असले प्रकार कमी व्हावेत. पण मिनिटाला ३२ हजारांऐवजी दीड लाख तिकिटं निघाली म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसचे बर्थ वाढत नाहीत. ते फक्त लवकर संपतील. शिवाय रांगेत माणसं किती आणि बॉट किती हाही प्रश्न आहे. रेल्वेच्याच माहितीनुसार तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत बॉटचे होते. म्हणून अडीच कोटींहून जास्त युजर आयडी बंद केले गेले आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला आधार पडताळणी लागू झाली. माझ्या मते पोरांना कन्फर्म तिकीट मिळण्यात नव्या चिपपेक्षा या नियमाचा वाटा मोठा असेल. तेव्हा आधार जोडलं नसेल तर ते तत्काळच्या दिवशी नाही, आधीच जोडून ठेवा.

नव्या पीआरएसमध्ये आवडीची सीट निवडणं, कोणत्या तारखेला भाडं किती हे दाखवणारं कॅलेंडर, दिव्यांग, विद्यार्थी आणि रुग्णांसाठीच्या सोयी एकाच ठिकाणी, आणि अनेक भाषांतलं बुकिंग या गोष्टीही जाहीर झाल्या आहेत.