आक्रमक उंदरांचे जनुकीय नियंत्रण

आक्रमक उंदरांचे जनुकीय नियंत्रण म्हणजे विष वा सापळ्यांऐवजी उंदरांच्या आनुवंशिकतेत बदल करून त्यांची पैदास पिढ्यानपिढ्या घटवत नेण्याची प्रस्तावित पद्धत होय. हे संशोधन प्रयोगशाळेपुरते मर्यादित असून असे उंदीर अद्याप निसर्गात सोडण्यात आलेले नाहीत.

पार्श्वभूमी

जहाजांतून दूरच्या बेटांवर पोहोचलेल्या उंदरांनी तेथील समुद्रपक्ष्यांची मोठी हानी केली आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातील गॉफ बेटावर घरात आढळणारा साधा लहान उंदीर अल्बाट्रॉसची पिल्ले जिवंतपणी कुरतडून खातो. पिल्लू उंदराहून कित्येक पटींनी मोठे असते; परंतु जमिनीवरील शत्रू ठाऊकच नसल्याने ते प्रतिकार करत नाही. २०२१ मध्ये या बेटावर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्यात आले, मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे पुन्हा उंदीर दिसला. साउथ जॉर्जिया बेटावर हाच उपाय यशस्वी ठरला होता. तथापि, असे विष इतर प्राण्यांनाही मारते आणि मनुष्यवस्तीच्या बेटांवर ते सरसकट टाकता येत नाही.

कार्यपद्धती

पालकाच्या जनुकाची एखादी प्रत सामान्यतः निम्म्याच संततीत उतरते. हे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवण्याच्या यंत्रणेस 'जीन ड्राइव्ह' म्हणतात. घरगुती उंदरातील 'टी-हॅप्लोटाइप' हा जनुकसमूह निसर्गतःच असा वागतो. नराकडून तो सुमारे ९५ टक्के पिलांपर्यंत पोहोचू शकतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठातील पॉल थॉमस यांच्या गटाने त्याला क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राची जोड दिली व २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या पद्धतीत प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे जनुक निकामी होते. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असलेली मादी वांझ ठरते. नर मात्र प्रजननक्षम राहून तो बदल पुढे नेतो. संगणकीय प्रतिमानानुसार असे सुमारे २५० उंदीर सोडल्यास २ लाख उंदरांचे बेट साधारण २० वर्षांत उंदीरमुक्त होऊ शकते.

आक्षेप

बेटावर उपद्रवी ठरलेली प्रजाती तिच्या मूळ प्रदेशात निसर्गाचाच भाग असते. उंदीर ज्या जहाजांनी बेटावर गेले, त्याच मार्गाने बदललेले उंदीर परतू शकतात. क्रिस्परवर आधारित जीन ड्राइव्हची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या केविन एस्वेल्ट यांनीच २०१७ मध्ये, अनिर्बंध पसरणारी जीन ड्राइव्ह निसर्गसंवर्धनासाठी वापरू नये, असा इशारा दिला. त्यामुळे केवळ त्या-त्या बेटावरील उंदरांतच आढळणाऱ्या जनुकीय फरकाला लक्ष्य करण्याचा पर्याय अभ्यासला जात आहे. बेटांवरील दुसरा मोठा उपद्रवी, काळा उंदीर, हा मूळचा भारतीय उपखंडातील आहे. त्याच्यात टी-हॅप्लोटाइप नसल्याने वरील पद्धत त्याला लागू पडत नाही. मात्र त्याच्यासाठी वेगळी जीन ड्राइव्ह तयार झाल्यास हा आक्षेप भारताच्या संदर्भातही विचारात घ्यावा लागेल.